मालकांचा उजेड

आमचे तुळजापूरचे घरमालक कुणाशीही बोलायला लागण्याआधी त्याला जागेवरून हलवत. दारात पोस्टमन आला तरी "जरा अलीकडं या. हां. आता तोंड तिकडं करा. बोला," एवढं झाल्याशिवाय ते पत्राला हात लावत नसत. पोस्टमनची समजूत होती की मालकांना एका कानानं ऐकू येत नाही. आमच्या आईला वाटे, ते दिशा पाळतात. आम्ही त्यांच्या घरात राहायला गेलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी आईला डोक्यावरच्या बोचक्यासकट उंबऱ्यापासून मागं सरकवलं आणि म्हणाले, "आता बरं दिसतंय." तेव्हापासून आई त्यांच्यासमोर पदर घट्ट धरून उभी राही. खरं तर मालकांच्या नजरेत माणसाविषयी वाईट काही नसायचं. चांगलंही फारसं नसायचं. त्यांना फक्त माणसावर पडलेला उजेड दिसायचा.

तरुणपणी ते घरातून पळून कोल्हापूरला गेले होते आणि तिथं एका सिनेमा कंपनीत बरीच वर्षं बोर्ड धरत होते. बोर्ड म्हणजे लाकडी चौकटीवर चांदीचा कागद चिकटवलेला पुठ्ठा. ऊन त्याच्यावर झेलायचं आणि नटाच्या तोंडावर टाकायचं, की डोळ्यांखालची सावली जाते. दुसरं हत्यार कटर. काळं कापड ताणलेली चौकट, नको तिथला उजेड अडवायला. आणि तिसरी मलमलीची चौकट, कडक ऊन गाळून मऊ करायला. ही हत्यारं त्यांनी कोल्हापुराहून आणली होती की इथं येऊन केली होती, ठाऊक नाही. चांदीचा कागद सिगारेटच्या पाकिटांतला होता एवढं नक्की, कारण मालक स्वतः विडीलाही शिवत नसत, पण रस्त्यात कुणी सिगारेट ओढताना दिसला की पाकीट रिकामं होईपर्यंत त्याच्याबरोबर चालत.

कोल्हापूर का सोडलं असं कुणी विचारलं की ते सांगत, "क्यामेरावाला म्हनला, बोर्ड हलला. म्या म्हनलं, न्हाय हलला. त्यो म्हनला, हलला. म्या बोर्ड भितीला लावला आन् मोटारीच्या अड्ड्यावर गेलो."

"एवढ्यावरून?" माझ्या वडिलांनी एकदा विचारलं होतं.

"मग आनि कशावरून जायाचं आसतं?"

मालकीणबाईंचं मत निराळं होतं. त्या म्हणायच्या, "क्यामेरावाला सुटला बिचारा." त्यांच्या लग्नात भटजींनी अंतरपाट धरला तेव्हा सगळी वऱ्हाडी मंडळी अक्षता घेऊन थांबलेली, आणि नवरदेव भटजींना सांगत होता की जरा तिरका धरा, सगळी सावली तिच्यावर पडतीया. भटजींनी मंत्र विसरून अंतरपाट तिरका धरला. मुहूर्त टळला तो टळलाच. "पर मी झ्याक दिसले म्हनं," असं मालकीणबाई प्रत्येक वेळी शेवटी पुटपुटायच्या, आणि तेवढ्यापुरत्या लाजायच्याही.

देवळाच्या वाटेवर मालकांच्या पुतण्याचा फोटो स्टुडिओ होता. पडद्यावर महाद्वार रंगवलेलं, त्याच्यापुढं यात्रेकरूंनी उभं राहायचं. कॅमेरा पुतण्याचा, उजेड मालकांचा. कॅमेऱ्याबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. "क्यामेरा काय, कुनीबी दाबतंय," म्हणायचे. सोलापूरकडची मंडळी दर्शन करून, कपाळभर मळवट भरून येत, बाहेर गाडी उभी असे, आणि आत मालक मलमल वर घेत, खाली घेत, कटर सरकवत, मुलाच्या नव्यानं तासलेल्या डोक्यावरची चमक मारायला त्यावर राख चोळत. तोवर गाडी जाई. मग ती मंडळी संध्याकाळपर्यंत स्टुडिओच्या पायरीवर बसून राहत, आणि मालकही त्यांच्या शेजारी बसून, फोटो कसा उत्तम येणार आहे ते समजावून सांगत. पुतण्याचा धंदा त्यामुळं कधी वाढला नाही. पण त्या काळातले तुळजापूरचे फोटो अजून कुणाच्या घरी भिंतीवर दिसले तर बघावेत. माणसं चिडलेली आहेत, पण दिसतात फार छान.

नवरात्रात तंबूतला सिनेमा यायचा. मालक अगदी पुढं बसत आणि पडदा बघत नसत, तपासत. एकदा चांदण्यात नायिका रडत होती, तिच्याबरोबर सगळा तंबू रडत होता, आणि मालक उठून उभे राहिले. "चंद्र दोन हायत," ते मागं वळून सगळ्यांना म्हणाले. "सावल्या बगा. एक हिकडं पडली, एक तिकडं." लोकांनी आधी त्यांना बसायला सांगितलं, मग सावल्या बघितल्या, आणि एकदा बघितल्यावर कुणाला रडू येईना. तंबूवाल्यानं दुसऱ्या दिवसापासून मालकांना फुकट आत घेण्याऐवजी फुकट बाहेर ठेवायला एक माणूस नेमला.

तो काळच सगळ्यांची जागा बदलण्याचा होता. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. माझे वडील तहसील कचेरीत पेशकार. त्यांची उभी नोकरी उर्दूत झालेली, आणि आता अर्ज, टिपणं, सगळं मराठीत आलं. मातृभाषा असूनही ते रोज सकाळी ओसरीवर बसून मराठी मसुदे गिरवत, आणि प्रत्येक मसुद्याचा शेवट सवयीनं उर्दू वळणाच्या सहीनं करत. गावात एक बडे गृहस्थ होते. निजामाच्या वेळी ते शेरवानी घालून पहिल्या खुर्चीवर बसत. राज्य बदललं तेव्हा त्यांनी शेरवानी पेटीत ठेवली, पांढरी टोपी घातली आणि खुर्ची तीच ठेवली. शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मंत्री आले, तेव्हा फोटोसाठी मालकांना बोलावलं. मालकांनी त्या गृहस्थांकडं बघितलं आणि म्हणाले, "टोपी लई कडक पांढरी हाय. सगळा उजेड तीच खाती. काढा, न्हायतर मागं बसा."

गृहस्थांनी टोपी काढली नाही. कशी काढणार? त्यांचं सगळं देशकार्य तिच्यातच होतं. ते मागच्या रांगेत गेले. मग हेडमास्तरांचा कोट काळा म्हणून ते कडेला गेले, तहसीलदारांचा चष्मा चमकतो म्हणून त्यांना मान खाली घालायला लावली, आणि मंत्र्यांवर मलमल एवढी मऊ धरली की ते झोपेत असल्यासारखे आले. सगळा उजेड पडला तो पाण्याची घागर घेऊन मध्येच थबकलेल्या शाळेच्या शिपायावर. तो फोटो शाळेत बरीच वर्षं टांगलेला होता. नव्यानं आलेली मुलं घागरवाल्याला मंत्री समजून नमस्कार करत. आपण काही उलथापालथ केली असं मालकांच्या गावीही नव्हतं. कोण मोठा, कोण लहान, हे त्यांना कळतच नसे, आणि म्हणून त्यांचा राग कुणाला मनापासून करताही येत नसे.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि रंगानं चांगली काळी होते. सावळी म्हणायची आमच्याकडं पद्धत होती, पण ते घरातल्या घरात. मला बघायला येणाऱ्यांची कमतरता नव्हती, कारण तुळजापुरात राहण्याचा एक तोटा असा की पाहुणे मुलगी बघायला येतात की देवीला, हे सांगता येत नाही. मुलगी नापसंत पडली तरी त्यांची खेप वाया जात नाही. माझी ओटी भरून, माझ्याच आईच्या हातचं जेवून, "कळवतो" म्हणून सगळे गेले होते. त्यांतल्या एकाचंही तोंड मला माहीत नव्हतं. मुलीनं मान वर करायची नसते. मला माहीत होत्या त्यांच्या चपला आणि धोतरांचे काठ. वडिलांनी आता सांगून टाकलं होतं की या खेपेला जमलं नाही तर परांड्याकडचे एक बिजवर आहेत, त्यांना होकार कळवायचा. त्या बिजवराची मोठी मुलगी माझ्याच वयाची होती. मला रात्री झोप लागत नसे, आणि हे मी कुणाला बोलूनही दाखवलं नव्हतं.

या खेपेचं स्थळ तेरखेड्याचं होतं, शोभेच्या दारूच्या कारखानदारांचं. मध्यस्थानं मुलाचा फोटो आणला. उजव्या बाजूनं उजळलेला चेहरा, धारदार नाक, डावी बाजू सावलीत हळूहळू विरत गेलेली. आईनं फोटो देवापुढं ठेवला. वडिलांनी चौकशी केली, म्हणजे मध्यस्थालाच विचारलं, आणि मध्यस्थानं आपणच आणलेल्या स्थळाबद्दल चांगलंच मत दिलं. मालकांनी फोटो मागून घेतला आणि उन्हात नेऊन कितीतरी वेळ बघितला.

"ह्यो कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"नवरदेव," वडील म्हणाले.

"नवरदेव न्हाय वो. कटर कुनी धरलाय? डाव्या अंगाला काळं धरलंय की. फोटूवाला न्हाय, त्येचे हात क्यामेऱ्याला आसत्यात. दुसरं मानूस हाय. पेशकारसाहेब, काठ बगा सावलीचा. जरा न्हाय हलला. आसा हात म्या कोल्हापुरात बी न्हाय बगितला."

त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. तेरखेड्यासारख्या आडगावाच्या बाजूला आपल्यापेक्षा स्थिर हाताचा माणूस असावा हे त्यांना लागलं होतं. कटर धरला कुणी, याचाच त्यांनी ध्यास घेतला. तो धरला का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आम्हा शिकल्यासवरलेल्यांनाही पडला नाही.

वडिलांनी मग त्यांच्याकडं एक गोष्ट मागितली. बघण्याच्या दिवशी उजेड असा करा की मुलगी उजळ दिसेल. मालकांना हे काम आवडलं. त्यांनी खिडकीला मलमल लावली, अंगणात बोर्ड उभा करून बघितला, माझ्या जागी आईला बसवून तालीम घेतली. पंचांगात बाराचा मुहूर्त होता. मालक म्हणाले, बाराला डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, पोरगी दुखणाईत दिसेल, दहाच्या आत उरका. वडील म्हणाले, मुहूर्त कचेरीची वेळ नाही. दोन दिवस हा वाद चालला. शेवटी पाहुणे आले चारला, कारण मंगळवार होता आणि देवळातली रांग हलत नव्हती.

चारला सूर्य घराच्या पार दुसऱ्या बाजूला गेलेला. सकाळपासून मांडलेलं सगळं फुकट गेलं. मालकांनी घाईघाईनं बोर्ड अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेला आणि तिथून ओसरीत उजेड टाकला. आईनं माझ्या तोंडाला पावडर एवढी लावली होती की हसले असते तर भेगा पडल्या असत्या. हसण्यासारखं काही नव्हतं म्हणून बरं. मी पाटावर बसले, मान खाली घातली. मांडीवर मालकांचा उजेड पडला होता, मऊ, पिवळसर. चपला या खेपेला दाराबाहेर राहिल्या, समोर नुसते पाय होते. मुलाच्या मामांचे जाडजूड पाय, मध्यस्थाचे हलणारे पाय आणि भिंतीलगत, खांबाला चिकटून, मुलाचे पाय. त्याला मामांनीच तिथं बसवलं होतं. त्याची आई आत माझ्या आईजवळ दाराच्या आड बसली होती.

"नाव काय मुली?" मामांनी विचारलं. मी सांगितलं. "शिवणटिपण?" येतं म्हटलं. आणि तेवढ्यात माझ्या मांडीवरचा उजेड निघून गेला.

मालकांनी नंतर सांगितलं ते असं. त्यांना अंगणातून पोराचा अर्धाच चेहरा दिसत होता. उजवा गाल उजळ, डावा फेट्याच्या शेमल्याआड अंधारात. असा अर्धा माणूस घेऊन त्यांना पुढं जाता येईना. आणि मनात तो फोटो होताच. त्यांनी बोर्ड जरासा फिरवला.

आत माझ्या आईनं "अगं बाई" म्हटलं. मी मान वर केली. उजेड त्याच्या डाव्या गालावर होता. कानशिलापासून हनुवटीपर्यंत कातडी भाजून ओढली गेलेली, गुळगुळीत, डोळ्याची कड खाली आलेली. कारखान्यात दारूचा भडका उडाला होता, हे मग कळलं. तो हलला नाही. अंगावर पाणी पडल्यावर माणूस जसा डोळे मिटून थांबतो तसा थांबला.

वडील उभे राहिले. "हे सांगितलं का नाही?" त्यांनी मध्यस्थाला विचारलं. मध्यस्थाला तहान लागली आणि तो पाणी प्यायला आत गेला.

मामा वडिलांवर उलटले. "आन् तुमी? आंगनात ह्यो चमकीचा पत्रा कशापायी धरलाय? खिडकीला फडकं कशापायी? पोरीच्या तोंडाला चुना कुनी फासला? आमाला फसवाय निघालाव व्हय?"

या गोंधळात मालक बोर्ड काखेत मारून ओसरीवर चढले. मंडळी का उठली आहेत याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ते सरळ मुलापुढं जाऊन बसले.

"फोटूत कटर कुनी धरला हुता?"

"काय?" तो म्हणाला.

"काळं. डाव्या अंगाला काळं धरलं हुतं का न्हाय?"

"व्हय. आईनं. घोंगडं धरलं हुतं."

मालक उठून आतल्या दाराशी गेले. "बाई," ते म्हणाले, "तुमचा हात हलला न्हाय."

त्या आतून म्हणाल्या, "हलून कसं चालंल, दादा? पोरी बगाय जातो आमी. त्या ह्येच्याकडं बगून रडत्यात. ह्येच्या म्होरं रडत्यात. येक डाव लगीन लागलं की रडू द्या मग, घरातल्या घरात रडू द्या. पर हितं, चार मानसांत, मला बगवत न्हाय."

मालक उंबऱ्यावर बसले, बोर्ड मांडीवर घेऊन. मला त्या क्षणी त्यांची दया आली, आणि त्या बाईंचा राग आला, आणि त्यांच्यापेक्षा जास्त माझ्या आईचा, जिनं पहाटेपासून माझं तोंड रंगवलं होतं.

मग मोठ्या माणसांची डोकी थंड झाली. थंड झाली की ती जास्तच चालतात. मामा बसले. "आता ताणन्यात काय मतलब, पेशकारसाहेब. तुमच्याकडं रंग हाय, आमच्याकडं ह्ये हाय." वडीलही बसले. म्हणाले, तसं बघितलं तर घराणं चांगलंच आहे. मध्यस्थ पाणी पिऊन परत आला आणि दोन्ही बाजूंना सारखीच अडचण असणं किती सोयीचं असतं, हे सांगू लागला. इतक्या बैठका मी ऐकल्या होत्या, एवढं एकमत कधी ऐकलं नव्हतं. तारखेपर्यंत बोलणं गेलं. आम्हा दोघांकडं आता कुणी बघतच नव्हतं. तपासून झालेल्या मालाकडं कोण बघतं?

म्हणून मी बघितलं. त्याची मान आता माझ्यासारखीच खाली होती. मला रडू येत नव्हतं. मला विचारायचं होतं, आणि मी विचारलं.

"दुखतं का?"

मामांचं वाक्य तसंच राहिलं. मुलीनं विचारायचं नसतं, फक्त सांगायचं असतं. वडिलांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कचेरीत उर्दूतच अर्ज दिला होता.

त्यानं मान वर केली. "आता न्हाय," तो म्हणाला. "थंडीत वढल्यावानी हुतं." मग त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं, इकडून तिकडून, अगदी मालकांसारखं. "ही पावडर तुमी रोज लावता?"

"नाही. आईनं लावली."

"धुऊन या," तो म्हणाला. "मी थांबतो."

मी उठले. आई मागून काहीतरी म्हणाली, ते मी ऐकलं नाही. मोरीत जाऊन गार पाण्यानं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, मान धुतली. पांढरं पाणी मोरीच्या तोंडाशी जाऊन थांबलं आणि हळूहळू गेलं. बाहेर आले. तो खरंच थांबला होता, शेमला मागं टाकून, खांबापासून पुढं सरकून.

मालक उंबऱ्यावरून ओरडले, "तोंड पुसा आधी. पानी चमकतंय."

मी नाही पुसलं.